हेमकंठाचा कौल

एका राज्यात पृथुसेन नावाचा राजा होता. राज्य भरलेले होते. नदीला पाणी होते, कोठारात धान्य होते, गोठ्यात दुभती जनावरे होती. पण त्या राज्यात कोणी काही ठरवत नसे. ठरवायचे काम एका पक्ष्याकडे होते.

त्याचे असे झाले. पृथुसेनाचा बाप, थोरला राजा, मोठा कर्ता पुरुष. नदीला बांध पूर्वेला घालावा की पश्चिमेला, असा एकदा पेच पडला. राजाने पूर्वेला घातला आणि त्या वर्षी पाणी पश्चिमेने आले. अर्धे नगर वाहून गेले. राजा गच्चीवर उभा राहून पाहत होता. त्याने डोक्यावरचा मुकुट काढून बाजूला ठेवला आणि म्हणाला, "आजपासून मी काही ठरवणार नाही."

हे शब्द काळ्या पहाडावर बसलेल्या कुहक मांत्रिकाने ऐकले. तो पहाड उतरून आला. त्याच्या हातात पिंजरा होता आणि पिंजऱ्यात सोन्याच्या गळ्याचा पक्षी होता.

"राजा, ओझे जड झाले?"

"जड झाले."

"मला दे. हा हेमकंठ. विचारशील त्याला कौल देईल. होय की नाही, हे की ते, सांगेल. तू फक्त ऐकायचे."

"याचा मोबदला?"

"एका कौलाला निश्चयाचा एक धागा. तुझ्याकडे पुष्कळ आहेत."

राजाने मान हलवली. पिंजरा देवडीवर टांगला गेला. आधी राजा विचारू लागला, मग प्रधान, मग सगळे नगर. लढाई करावी का, हे विचारले गेले. मग मुलगी कोणाला द्यावी, मग भाजीत मीठ पुरेसे आहे का, मग आज आंघोळ करावी का. पक्षी कौल देई, आणि दर कौलाला त्याच्या अंगावर एक सोनेरी पीस फुटे. ते पिकले की गळे आणि वाऱ्यावर तरंगत उत्तरेकडे, काळ्या पहाडाकडे जाई. लोक हात जोडत. म्हणत, शुभ आहे.

थोरला राजा गेला. पृथुसेन गादीवर बसला. तो स्वभावाने गोड, हसरा, कोणाला न दुखवणारा होता. पण बापाच्या देवडीवरच वाढलेला. लग्न करावे का, हेही त्याने पक्ष्यालाच विचारले. पक्षी होय म्हणाला, म्हणून दूरच्या राज्यातून सुवर्चला राणी होऊन आली.

सुवर्चलेला माहेरी 'शंकाखोर' म्हणत. लहानपणी तिला कोणी सांगितले, मांजर आडवे गेले की काम होत नाही, तर ती दिवसभर मांजराच्या मागे फिरली आणि कोणाकोणाचे काम झाले ते विचारून आली. सासरी निघताना आईने बजावले होते, "तिकडे जरा कमी विचार." म्हणून ती आली ती गप्प राहायचे ठरवूनच.

पहिल्या सणाला निळे लुगडे नेसावे की हिरवे, असा तिला प्रश्न पडला. दासी म्हणाली, "देवडीवर विचारा ना." सुवर्चलेने विचारले. पक्षी म्हणाला, "निळे." छातीतून काहीतरी बारीकसे ओढले गेल्यासारखे तिला वाटले, पण तिने मनावर घेतले नाही. निळे नेसली. सगळे म्हणाले, छान दिसते.

पण स्वभाव कुठे जातो? तिच्या मनात आले, याला हे कळते कसे? दुसऱ्या दिवशी सकाळी ती देवडीवर गेली आणि म्हणाली, "पूर्वेच्या शेतात तीळ पेरावेत का?"

"होय," पक्षी म्हणाला.

दुपारी तिने दासीची घोंगडी डोक्यावरून घेतली, आवाज बदलला आणि तेच विचारले.

"नाही," पक्षी म्हणाला.

सुवर्चला तशीच राजाकडे धावली. "महाराज, या पक्ष्याला काहीच कळत नाही! एकाच शेताला सकाळी होय, दुपारी नाही!"

राजा हसला. "राणी, माझ्या बापाच्या वेळेपासून तो कधी चुकला नाही."

"कशावरून?"

"त्याने सांगितले नदीवर जाऊ नका, आम्ही गेलो नाही, आणि कोणी बुडाले नाही."

"गेला असतात तर बुडाला असतात, हे कशावरून?"

राजा उठून उभा राहिला. मग म्हणाला, "हे खरे की खोटे, ते देवडीवर विचारून येतो." आणि खरोखरच गेला.

त्या दिवशी जेवताना सुवर्चलेपुढे दोन ताटे आली. एकात पुरणपोळी, एकात मांडे. तिचा हात मधेच थांबला. कोणते घ्यावे, हे तिला कळेना. घास नव्हे, जणू डोंगर उचलायचा होता. देवडीवर छातीतून ओढले गेलेले ते बारीकसे काहीतरी तिला आठवले. त्यानंतर ती देवडीवर गेली नाही.

पुढे एका सकाळी नगरात कधी नव्हती अशी शांतता पसरली. पक्ष्याने चोच मिटली होती. नगरातल्या माणसांच्या अंगात निश्चयाचा एकही धागा उरला नव्हता आणि खायला काही नसेल तर पक्षी कशाला बोलतो? ज्याने त्याने प्रश्न विचारला, उत्तराची वाट पाहिली, आणि वाट पाहत जागच्या जागी थिजला. आचारी मिठाची मूठ पातेल्यावर धरून उभा राहिला. मांडवात नवरदेव हार उचलून उभा राहिला आणि समोर नवरी मान वाकवून. प्रधान देवशर्मा शिंकावे की नाही या विचारात नाक धरून उभे राहिले. आणि राजा पृथुसेन दरबाराच्या उंबऱ्यावर, एक पाय अधांतरी धरून. उजवा आधी टाकावा की डावा, एवढेच त्याने विचारले होते.

सुवर्चलेने त्याला हलवले, हाका मारल्या. राजाचे डोळे ओले होते, ते तिच्याकडे वळले. पण ओठ हलले नाहीत. तिने त्याच्या पायाला हात लावला. अंगठा मातीसारखा गार आणि करडा झाला होता.

तेवढ्यात देवडीवरून आवाज आला. पक्षी बोलत होता, फक्त तिच्याशी.

"राणी, तुझ्यात अजून धागे आहेत. विचार. राजाला कसे सोडवायचे, ते विचार. मी सांगतो."

सुवर्चलेच्या ओठांवर प्रश्न आला होता. तिने दोन्ही हात तोंडावर दाबले आणि देवडीतून धावत बाहेर पडली.

बाहेर मात्र गलका होता. ज्यांचे दुधाचे दात पडले नाहीत त्यांनी पक्ष्यापुढे जायचे नाही, असा नियम होता. त्यामुळे पोरे तेवढी मोकळी होती. कोणी आईचा पदर ओढून रडत होते, कोणी संधी साधून गुळाच्या ढेपेवर बसले होते. सुवर्चलेने सगळ्यांना चौकात गोळा केले.

"गाईंची धार कोणाला काढता येते?" काही हात वर झाले.

"चूल कोणाला पेटवता येते?" आणखी काही.

"तान्ह्यांना कोण सांभाळेल?" एक शेंबडी, ठसकेबाज पोर पुढे आली. तिचे नाव रोहिणा. म्हणाली, "मी सांभाळीन. माझ्या घरी चार आहेत."

"मग मी येईपर्यंत राज्य तुमचे. आणि उभ्या माणसांवर ऊन येऊ देऊ नका."

काळा पहाड उत्तरेला होता आणि पिसे उत्तरेलाच जात होती, हे राणीने रोज पाहिले होते. दशम्यांचे गाठोडे पाठीला बांधून ती निघाली. वेशीबाहेरच्या माळावर एक टिटवी ओरडत होती. टिटवी अपशकुनी, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नसे. सुवर्चलेने पाहिले.

"टिटवीबाई, काय म्हणतेस?"

"टिटी-टिव! अखेर कोणी विचारले! चंद्र पुरता भरला की उभी माणसे माती होतील."

"कशावरून?"

"माझी आजी काळ्या पहाडावर राहत होती. खालच्या एका गावाचे असे झालेले तिने पाहिले. त्या गावाचे आता वारूळ आहे."

सुवर्चलेला राजाचा करडा अंगठा आठवला. तिला ते पटले. "पहाड किती दूर?"

"हा इथेच. सूर्य माथ्यावर यायच्या आत."

राणी सूर्य मावळेपर्यंत चालली. पहाड होता तेवढाच दूर दिसत होता. "टिटवीबाई!"

"मी उडते," टिटवी ओशाळून म्हणाली. "तू चालतेस, हे माझ्या लक्षात राहिले नाही."

दोघी हसल्या, आणि तिथून त्यांची मैत्री झाली.

चालता चालता वाटेत नदी आडवी आली. पाणी असे उसळत होते की हत्तीने पाय टाकावा आणि सोंड तेवढी दिसावी. काठावर प्रवाशांचा मेळा जमला होता आणि तीन उंच चौथऱ्यांवर तीन पुरुष हार घालून बसले होते. ही नदी पार करून परत आलेले ते तीन सिद्ध होते.

पहिला म्हणाला, "डोळे मिटून चालावे. मी तसाच पार झालो."

दुसरा म्हणाला, "खदखदा हसत चालावे. मी तसाच पार झालो."

तिसरा म्हणाला, "उजव्या हाताने डावा कान धरावा. बाकी सारे व्यर्थ."

लोक त्यांच्या पायांवर फुले वाहत होते. काही जण कान धरायचा सराव करत होते. सुवर्चला तिसऱ्यापुढे गेली.

"महाराज, कान धरून किती जण उतरले?"

"असंख्य."

"पार किती झाले?"

"मी झालो."

"बाकीचे?"

"त्यांनी नीट धरला नसेल."

"त्यांना विचारता येईल का?"

"बाई," सिद्ध म्हणाला, "ते इथे बसलेले नाहीत."

सुवर्चला मागे वळली. जे बुडाले त्यांना चौथरा मिळत नाही, हे तिला उमगले. मग त्यांच्याबद्दल कोणाला ठाऊक असेल? जो पाण्याच्या तळाशी राहतो त्याला. ती काठाकाठाने गेली आणि एका म्हाताऱ्या कासवापाशी बसली. कासव कातळावर ऊन खात होते.

"आजोबा, बुडालेले कसे उतरले होते?"

"कोणी डोळे मिटून, कोणी हसत. कान धरलेले तर पुष्कळ. ते हात तसेच राहिले बिचाऱ्यांचे."

"मग या तिघांत वेगळे काय होते?"

कासवाने मान आत घेतली, विचार केला, मान बाहेर काढली. "आजवर हे कोणी विचारले नाही. ते तिघेही भर दुपारी उतरले. सूर्य माथ्यावर आला की नदी जरा डुलकी काढते. सकाळपासून वाहत असते, दमते."

टिटवी पंख फडफडवत ओरडली, "चल, उतर!"

"थांब. आजोबा खोटे बोलणार नाहीत, पण त्यांची चूक होऊ शकते." सुवर्चला ओंडक्यावर बसून राहिली. सूर्य माथ्यावर आला, तिने एक वाळकी फांदी पाण्यात टाकली. फांदी हलली नाही. नदी संथ घोरत होती, पाणीही ओसरले होते. काठचा लव्हाळा त्या घोरण्याने हलत होता. तेव्हा राणीने पदर खोचला आणि ओरडून सांगितले, "मंडळी, पाणी झोपले आहे. आपापल्या डोळ्यांनी पाहा आणि पटले तर या!"

ती कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे गेली. मागून मेळ्यातले बरेचसे आले. काठावर तिघे सिद्ध उरले आणि एकमेकांना उपदेश करू लागले.

नदीपलीकडे वन लागले. त्याचे नाव शाबासवन. तिथली झाडे बोलत.

"शाबास!" पहिले झाड म्हणाले. "नदी ओलांडलीस! तुझ्यासारखी तूच!"

"जिंकलीस!" दुसरे म्हणाले. "आता उरलेच काय? राजा सुटलाच म्हणून समज!"

सुवर्चलेला फार बरे वाटले. माहेरी तिला असे कोणी म्हटले नव्हते, सासरीही नाही. ती बुंध्याला टेकून बसली. झाडे बोलत होती आणि तिला सगळे दिसत होते: राजा उंबरा ओलांडून येत आहे, लोक फुले उधळत आहेत, रोहिणा तान्ह्याला कडेवर घेऊन नाचत आहे. किती वेळ गेला कोण जाणे. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत होती, पण राणीला ते दूरच्या दूर ऐकू येत होते.

शेवटी टिटवीने खाली येऊन तिच्या पायाला चोच मारली. सुवर्चलेने खाली पाहिले. पावलांना बारीक, पांढरी मुळे फुटली होती. आजूबाजूला आणखी बुंधे होते, आणि दर बुंध्यावर एकेक तृप्त चेहरा होता.

ती दचकून उठली. मुळे तटातट तुटली, रक्त आले. एक पाऊल टाकले आणि झाडे पुन्हा म्हणाली, "वा! काय हे धैर्य! बैस, बैस!" आणि तिला पुन्हा बसावेसे वाटले. कान झाकावेत, तर शब्द झाकलेल्या कानांतूनही येत होते. आणि खरे सांगायचे तर तिला ते हवे होते.

मग ती म्हणाली, "झाडांनो, मला तुमचे कौतुक आवडते. पण केलेल्याचेच घेईन, न केलेल्याचे नाही. त्या पुढच्या झाडापाशी पोचले की त्याने मला शाबास म्हणावे. मधे कोणी बोलू नये. जमेल?"

झाडांना अशी अट कोणी घातली नव्हती. ती कुजबुजली. कौतुक करणे हा त्यांचा धर्म. तो सोडता येईना. "जमेल," ती म्हणाली.

राणी लंगडत पुढच्या झाडापाशी गेली. "शाबास!" मग त्याच्या पुढच्या. "शाबास!" अशी ती शाबासकी वेचत वेचत वनाच्या कडेला आली. शेवटचे झाड म्हणाले, "बाई, आज पहिल्यांदा कोणी बाहेर पडले. आम्हालाही बरे वाटले."

"मग आतल्या लोकांनाही असेच बाहेर काढा," राणी म्हणाली. झाडे कामाला लागली.

चंद्र भरायला एक रात्र उरली होती, तेव्हा राणी काळ्या पहाडाच्या माथ्यावर कुहकाच्या वाड्यापाशी पोचली. त्याला दार नव्हते, पहारा नव्हता. आत एका गादीवर मांत्रिक पहुडला होता. चेहरा विशीतल्या तरुणाचा आणि डोळे जुन्या विहिरीसारखे. गादी सोनेरी पिसांची होती आणि तिच्यातून सतत पुटपुट ऐकू येत होती. दर पीस आपापला प्रश्न म्हणत होते.

"जाऊ का नको?" "हा मुलगा बरा आहे का?" "बोलू का?" "हसू का?"

"राणी," कुहक म्हणाला, "मी तुझी वाट पाहत होतो. बस."

"मी उभी बरी आहे. माझ्या माणसांचे धागे परत द्या."

"घेऊन जा की. गादी फाड, पिसे उधळ. पण तुला सांगतो, पिसे सुटली की तुझी उभी माणसे जागच्या जागी कोसळतील आणि मरतील. इतक्या वर्षांचे निश्चय एकदम अंगात शिरले, तर देह फुटतो."

"कशावरून?"

"मी मांत्रिक आहे, यावरून."

सुवर्चला विचार करू लागली. हा या पिसांवर झोपतो म्हणून तरुण आहे. पिसे गेली तर याचे नुकसान. म्हणजे खोटे बोलायला याला कारण आहे. पण स्वार्थी माणूसही कधीकधी खरे बोलतो. आणि याच्या अंगी बळ असते, तर याने मला नदीतच बुडवले असते, इतका बोलत बसला नसता. पण हेही नुसते अनुमान. तिकडे राजा आहे, आया आहेत. चुकले तर?

तिने कान देऊन ऐकले. त्या पुटपुटीत तिला ओळखीचा आवाज आला. तिचा स्वतःचाच. "निळे की हिरवे?"

तिने गादीच्या उसवलेल्या शिवणीतून ते पीस अलगद ओढून काढले. कुहक एकदम उठून बसला. "ते ठेव!"

"हे माझे आहे. मरायचे असेल तर आधी मी मरते." आणि तिने मूठ उघडली.

पीस वर गेले, गोल फिरले आणि तिच्या छातीत शिरले. ती कोसळली नाही. फक्त तिला एकदम कळले की तिला त्या सणाला हिरवे नेसायचे होते. हिरवेच! निळे तिला कधीच आवडले नव्हते! इतक्या दिवसांनी, त्या पहाडावर उभी राहून ती मोठ्याने हसली.

कुहकाच्या कपाळावर एक सुरकुती उमटली. त्याचा आवाज मऊ झाला.

"ऐक. तो हेमकंठ बाजारू पक्षी होता, खरे आहे. पण माझ्याकडे दुसरा आहे." त्याने पडदा सारला. तिथे रुपेरी पक्षी होता, डोळे मिटलेला. "हा सत्यकंठ. हा खरोखर जाणतो. कधी चुकत नाही. तुझ्यासाठी हा मी देतो. तुझा राजा या क्षणी चालू लागेल, आणि पुन्हा त्याच्या हातून चूक म्हणून होणार नाही. ना पूर, ना हार, ना पश्चात्ताप. गादी मात्र माझी मला राहू दे."

सुवर्चला पक्ष्याजवळ गेली. पक्षी सुंदर होता, आणि तो खरेच जाणतो असे तिला आतून वाटत होते. न चुकणारे राज्य! कोणाचे घर वाहून जाणार नाही. कोणी गच्चीवर उभे राहून रडणार नाही.

मग तिला राजाचे डोळे आठवले, उंबऱ्यावरचे, ओले, तिच्याकडे वळलेले. त्या डोळ्यांत काय होते, हे तिला कोणता पक्षी सांगणार? आणि सांगितलेच, तर ते राजाचे बोलणे कसे होईल?

"नको," ती म्हणाली. "हा पक्षी सगळे बरोबर सांगेल. पण मग मी नांदायचे कोणाबरोबर? पक्ष्याबरोबर? मला चुकणारा नवरा चालेल."

"आणि पिसे सोडल्यावर ते मेले तर? तू जिवंत, हालती-चालती होतीस. ते अर्धे माती झाले आहेत. तुझी परीक्षा त्यांना लागू पडत नाही, हे तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे." तिने गादीची शिवण धरली. "शहानिशा करता आली तेवढी केली. याच्या पुढचे कोणालाच ठाऊक नाही. तरी हे मी ठरवते. चुकले तर माझे."

तिने दोन्ही हातांनी गादी फाडली.

सोन्याचा ढग उठला. लाखो पिसे, लाखो प्रश्न. पहाडावर असा कलकलाट झाला की टिटवीलाही आपला आवाज ऐकू येईना. राणीची दोन पिसे तिच्यापाशी आली. बाकी ढग दक्षिणेकडे वळला आणि पाहता पाहता दिसेनासा झाला. सत्यकंठही उडाला. कोणीकडे ते त्याने सांगितले नाही.

मागे एक फार म्हातारा माणूस जमिनीवर बसला होता. त्याने आपल्या वाळक्या हातांकडे पाहिले.

"राणी, आता मी काय करू?"

"बाबा, भूक लागली आहे का?"

म्हाताऱ्याने बराच वेळ विचार केला. "लागली आहे वाटते. हो. लागली आहे."

"मग तिथून सुरुवात करा." तिने गाठोड्यातली दशमी त्याच्या हातात ठेवली आणि ती उतरू लागली.

नगरात काय घडले, ते तिला वेशीवर रोहिणाने सांगितले. आकाश सोनेरी झाले, पिसांचा पाऊस पडला, आणि माणसे हलली. कोणी मेले नाही. प्रधानांनी इतकी मोठी शिंक दिली की दरबाराची झुंबरे वाजली. आचाऱ्याने मीठ टाकले ते जास्तच पडले, पण सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ले. आया जाग्या झाल्या तेव्हा त्यांच्या डोक्यावर छत्र्या बांधलेल्या होत्या, हातांवर लंगोट वाळत होते आणि दरबारात शेळ्या बसल्या होत्या. मांडवात नवरदेवाने हार पुढे केला, तेव्हा नवरी म्हणाली, "मला कोणी विचारलेच नव्हते. थांब जरा, तुझ्याशी आधी बोलते." ती दोघे अजून पारावर बोलत बसली होती, आणि मधून मधून हसण्याचे आवाज येत होते.

"आणि महाराज?" राणीने विचारले.

"ते दोन्ही पायांनी उडी मारून पडले. मग उठले आणि तुम्हाला शोधायला गेले."

"कोणीकडे?"

"दक्षिणेला," रोहिणा म्हणाली.

सूर्य कलायला लागला तेव्हा धुळीने माखलेला पृथुसेन परतला. राणीला पाहून त्याने घोड्यावरून उडी टाकली.

"मी दक्षिणेला गेलो," तो म्हणाला.

"दक्षिणेलाच का?"

"मला वाटले, तू तिकडे असशील."

"कशावरून?"

राजाने डोके खाजवले. "घोड्याचे तोंड तिकडे होते." आणि तो असा हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. "राणी, मी चुकलो. पण मीच चुकलो! केवढा मोठा दिवस आहे हा!"

देवडीवरच्या पिंजऱ्यात एक साधी साळुंकी उरली होती. दार उघडताच ती अंगणात उतरली आणि किडे टिपू लागली.

पण गोष्ट इथे थांबली नाही. दुसऱ्याच सकाळी दरबारापुढे रांग लागली. देवडीपासून वेशीपर्यंत माणसेच माणसे.

"राणीसाहेब, तुम्ही शहाण्या. तुम्हीच सांगा, बैल विकू का?"

"राणीसाहेब, मुलाला कुंभाराचे काम शिकवू की सुताराचे?"

सुवर्चलेला भीती वाटली. उत्तर देणे सोपे होते. ती काही प्रश्नांची उत्तरे जाणतही होती. पण ज्या चौरंगावर ती बसली होती तो हळूहळू पिंजरा होईल, हे तिला स्पष्ट दिसले.

ती बैलवाल्याला म्हणाली, "आधी तू सांग, तुला काय वाटते आणि का वाटते. मग मला वाटते ते मी सांगेन. मग तू ठरव."

"म्हणजे तुम्ही सांगणार नाही?"

"शेवटचे नाही."

"मग राणी कशाला झालात?" बैलवाला रागावला आणि तिथेच अंगणात फतकल मारून बसला. बसल्या बसल्या शेजारच्याशी वाद घालू लागला. बैलाचे दात, वैरण, यंदाची पेरणी. सुतार की कुंभार विचारणारा त्यात पडला. त्याच्या मुलाने सांगितले, मला तर मडक्यांवर नक्षी काढायला आवडते. बापाने हे पहिल्यांदाच ऐकले. दुपारपर्यंत अंगणात असा कलकलाट झाला की प्रधान कानांत बोळे घालून बसले.

रांग रोज लागे, पण रोज थोडी आखूड होई. लोक घरूनच भांडून, पडताळून, ठरवून येऊ लागले आणि नुसते सांगून जाऊ लागले. काही फसले. फसले ते का फसले, हेही सांगू लागले, आणि त्यांना अंगणात चौथऱ्यावर बसवून लोक नीट ऐकू लागले.

आणि एका सकाळी राणी दरबारात आली, तर अंगण रिकामे. एकही माणूस नाही. ती चौरंगावर बसून राहिली. ऊन वर आले, तरी कोणी आले नाही. क्षणभर तिला वाईट वाटले. मग इतके बरे वाटले की ती उठून तशीच अनवाणी बाहेर पडली.

राजा अंगणात घोड्यांना खोगीर घालत होता. "आज काम नाही वाटते?" तो म्हणाला. "चल, फिरून येऊ."

"कोणीकडे?"

दोघांचे एकमत होईना. सूर्य माथ्यावर येईपर्यंत ती तिथेच वाद घालत उभी होती. घोडे कंटाळून गवत खाऊ लागले.

जशी त्या राज्याला आपली वाट सापडली, तशी ऐकणाऱ्या-सांगणाऱ्याला सापडो. चुकली तर मागे फिरायला बळ मिळो, आणि बरोबर वाद घालायला कोणी तरी असो.